रानटी यीस्टची बिअर : एक घाणा बाटलीत उसळतो, दुसरा मुका राहतो

बाहेरचे यीस्ट न घालता, हवेतून आणि लाकडातून आलेल्या रानटी यीस्टवर आंबवलेली बिअर घरी करणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी त्याच स्वरूपात परत येते. बाटल्या भरल्यानंतर दोन-तीन महिने बिअर उत्तम लागते आणि गॅसही बेताचा असतो. मग उन्हाळ्यात त्याच घाण्यातील एक बाटली उघडताच निम्मी बिअर टेबलावर सांडते, आणि तिच्या शेजारची बाटली मात्र शांतपणे उघडते. या अनुभवाने शहाणे होऊन पुढचा घाणा दुप्पट काळ मुरवावा, तर बाटलीत बुडबुडाही उठत नाही आणि भरताना घातलेली साखर जिभेला तशीच गोड लागते. या दोन तक्रारी परस्परविरुद्ध वाटल्या तरी दोन्हींचे मूळ एकच आहे. बाटली भरताना बिअरमध्ये खायला काय उरले आहे आणि ते खाणारे कोण जिवंत आहे, हे आपण तपासत नाही, गृहीत धरतो.

मी ब्रसेल्सच्या नैऋत्येला, पायोटेनलांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाच्या कडेला राहते. हा भाग आणि सेन नदीचे खोरे म्हणजे लॅम्बिक या रानटी यीस्टवर आंबणाऱ्या बिअरचे माहेर. येथे घरच्या वापरापुरती बिअर करण्यास मुभा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमामुळे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, तेव्हा पुढील मजकूर तेथील मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल. घरातील पातेल्यासाठी तो नाही.

आधी बाटल्या सुरक्षित करा

ज्यांच्या घरात आज बाटल्या उसळत आहेत त्यांनी कारणांच्या शोधात पडण्यापूर्वी त्या बाटल्या थंड कराव्यात. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा एवढी तयारी केल्याशिवाय खोक्याला हात लावू नये, आणि बाटली हलवताना तिच्याभोवती जाड टॉवेल गुंडाळावा. हे मी अतिसावधपणामुळे लिहीत नाही. माझ्या पहिल्या घाण्यातील एक बाटली ऑगस्टमध्ये मध्यरात्री फुटली तेव्हा तिचा एक तुकडा त्याच फडताळात ठेवलेल्या कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर बांधलेल्या फडक्यात रुतून बसला होता. ते लोणचे अर्थातच टाकून द्यावे लागले, आणि घरात बिअरपेक्षा त्याचीच हळहळ अधिक झाली.

थंड केल्याने गॅस नाहीसा होत नाही, तो बिअरमध्ये अधिक प्रमाणात विरघळून राहतो आणि काचेवरील दाब उतरतो. ज्या बाटलीत खोलीच्या तापमानाला, म्हणजे २० अंश सेल्सिअसला, सुमारे सव्वाचार बार दाब असेल, तिच्यातील दाब ४ अंशांना साधारण दोन बारवर येतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार हवा असते, हे लक्षात घेतले म्हणजे पहिला आकडा किती धोक्याचा आहे ते कळेल. दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवलेल्या बाटलीचे झाकण ओपनरने केसभर उचलावे, फुस्स आवाज येऊ द्यावा, फेस मानेपर्यंत चढू लागताच ते दाबून धरावे, आणि असे तीन-चार वेळा केल्यावर नवे झाकण बसवावे. साध्या ३३० मिलिलिटरच्या पातळ बाटल्यांत बिअर भरली असेल तर मात्र हा खटाटोप करू नये. ती बिअर थंड असतानाच ओतून टाकावी.

या भागात हा धोका व्यावसायिकांनाही चुकलेला नाही. बेर्सेल येथील द्री फोंतेनेन या प्रसिद्ध लॅम्बिकघरात २००९ साली बाटल्या मुरवण्याच्या उबदार खोलीचा थर्मोस्टॅट बिघडला, तापमान भलतेच चढले आणि हजारो बाटल्या फुटल्या. ज्या वाचल्या त्यांतील बिअर उष्णतेने बिघडलेली असल्याने तिचा काही भाग पुढे ऊर्ध्वपातन करून वापरण्यात आला.

बिअर थांबली नव्हती, थंडी पडली होती

माझा पहिला घाणा वीस लिटरचा होता. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, १.०५० होती; साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो. फेब्रुवारीतील एका रात्री पसरट स्टीलच्या भांड्यात वर्ट, म्हणजे धान्याचा गोड काढा, उघडी ठेवून थंड केली आणि सकाळी काचेच्या बुधल्यात भरली. तेरा महिन्यांनी, मार्चमध्ये, ही घनता मोजणारा हायड्रोमीटर १.००७ दाखवत होता. चार आठवड्यांत तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला. साध्या बिअरच्या बाबतीत तीन समान आकडे म्हणजे आंबवण पूर्ण झाल्याची खूण असते, म्हणून मी लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. ऑगस्टमध्ये उसळलेल्या एका बाटलीतील बिअर दोन पेल्यांत वर-खाली ओतून गॅस काढला आणि मोजली, तर आकडा होता १.००३. तळघरातील तापमान हिवाळाभर दहा-अकरा अंशांच्या पुढे गेले नव्हते. त्या तापमानात ब्रेटानोमायसेस (थोडक्यात ब्रेट) हे सावकाश काम करणारे रानटी यीस्ट मेलेले नसते, पण दिवसाला जे काम करते ते हायड्रोमीटरच्या दांडीवर चार आठवड्यांत दिसण्याइतके नसते.

येथे या बिअरचा क्रम समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळा घोटाळा त्या क्रमाच्या शेवटच्या टप्प्यावर होतो. पहिल्या महिन्यात आतड्यातील जिवाणूंच्या कुळातले जिवाणू आणि काही दुबळी रानटी यीस्ट वर्टवर ताबा मिळवतात; त्यानंतर सॅकरोमायसेस हे नेहमीचे यीस्ट दोन-तीन महिन्यांत साध्या साखरा फस्त करते; मग पेडिओकोकस हे जिवाणू हळूहळू लॅक्टिक आम्ल तयार करतात; आणि साधारण आठ-दहा महिन्यांनंतर, इतर थकलेले असताना, ब्रेटानोमायसेस पुढे येते. या यीस्टला हे नाव कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ साली इंग्रजी बिअरवरील अभ्यासातून दिले. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या साखरा, म्हणजे डेक्स्ट्रिन, ते तोडून खाते. लॅम्बिकच्या पद्धतीत तर या डेक्स्ट्रिन मुद्दाम राखल्या जातात: किमान तीस टक्के गहू माल्ट न करता, म्हणजे मोड न आणता, वापरतात, गढूळ वर्ट काढून उकळतात, आणि त्यातून जे पिष्टमय द्रव्य उरते ती ब्रेटची वर्षा-दोन वर्षांची शिदोरी असते. एक वर्षाच्या बिअरमध्ये ही शिदोरी अर्धीमुर्धी शिल्लक असते. आपण बाटली भरतो ती नेमकी तेव्हा.

आपल्याकडील माणसाला ही चूक जरा लवकर होते, असे माझे मत आहे. इडलीचे पीठ रात्री भिजवून सकाळी फुगते, जिलबीचे पीठ दुसऱ्या दिवशी तयार होते, कोकणातली माडी तर सकाळी उतरवली की दुपारपर्यंत चढते. रानटी आंबवण आपण लहानपणापासून पाहत असलो तरी ते तासांत मोजण्याची आपल्याला सवय आहे. चार आठवडे हलचाल नाही म्हणजे काम संपले, असे हात आपोआप ठरवतो. या बिअरला लोणच्याचा हिशेब लावावा, इडलीचा नव्हे.

एकाच घाण्यातील काही बाटल्या उसळतात आणि काही उसळत नाहीत, याचे कारणही यातच आहे. बुधल्यातील ब्रेट सगळीकडे सारखे पसरलेले नसते, तळाच्या साक्यात ते अधिक असते. नळीने बिअर काढताना शेवटच्या पाच-सहा बाटल्यांत साका जास्त उतरतो आणि त्या बाटल्या आधी उसळतात. शांत बाटल्या चांगल्या नसतात, त्यांची पाळी यायची असते. साखरेचा पाक नीट ढवळला गेला नसेल तर हा फरक आणखी वाढतो.

मोजायचे कसे

उपाय मोजमापातच आहे, मात्र ते वेगळ्या तऱ्हेने करावे लागते. नेहमीचा १.००० ते १.१०० अशा लांब पट्टीचा हायड्रोमीटर येथे कुचकामी ठरतो, कारण त्यावर एका अंशाचा, म्हणजे ०.००१ चा, फरक म्हणजे केसाएवढी रेघ असते आणि या हिशेबात असे दोन अंश म्हणजे बाटलीतील पूर्ण एक घनमान (बिअरच्या आकारमानाइतका) गॅस. म्हणून ०.९९० ते १.०२० एवढीच पट्टी असलेला हायड्रोमीटर घ्यावा आणि तो २० अंशांच्या ऊर्ध्वपातित पाण्यात बरोबर १.००० दाखवतो का, ते पाहावे. माझा एक हायड्रोमीटर ०.००२ जास्त दाखवत होता, आणि ते मला दीड वर्ष कळले नाही. नमुन्यातील गॅस पूर्ण काढल्याशिवाय मोजू नये. बुडबुडे दांडीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा फुगतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारे उपकरण) अल्कोहोल असलेल्या बिअरमध्ये थेट वाचू नये.

आता मुख्य चाचणी. बाटल्या भरण्याचा विचार असेल त्याच्या दोन महिने आधी बुधल्यातून अर्धा लिटर बिअर काढावी, त्यात तळाचा थोडा साका मुद्दाम येऊ द्यावा, आणि ती सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून घरातील सर्वांत उबदार, २५ ते २८ अंशांच्या जागी ठेवावी. प्लास्टिकचीच बाटली घ्यावी, कारण ती काचेसारखी फुटून इजा करीत नाही आणि अंगठ्याने दाबून आतील दाबाचा अंदाज येतो: भरल्या दिवशी ती दबते, गॅस वाढला की दगडासारखी टणक होते. टणक झाली की झाकण सैल करून गॅस सोडून द्यावा आणि पुन्हा घट्ट करावे. सहा ते आठ आठवड्यांनी त्या नमुन्याची ग्रॅव्हिटी मोजावी. बुधल्यातील आकडा आणि या नमुन्यातील आकडा यांतील फरक म्हणजे तुमच्या बाटल्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जे करणार आहेत त्याचे आगाऊ दर्शन होय.

ही चाचणी करायची नसेल तर निदान बिअरला बुधल्यात एक पूर्ण उन्हाळा काढू द्यावा, आणि २० अंशांच्या वर सहा-आठ आठवडे राहिल्यानंतरही आकडा हलला नाही तरच तो खरा मानावा. हिवाळ्यातील स्थिर आकड्याला मी आता आकडाच मानत नाही.

उरलेली ग्रॅव्हिटी हीच साखर

हिशेब सोपा आहे. एका लिटर बिअरमध्ये ४ ग्रॅम साधी साखर पूर्ण आंबली की सुमारे एक घनमान कार्बन डायॉक्साइड तयार होतो, म्हणजे लिटरभर बिअरमध्ये लिटरभर वायू. ग्रॅव्हिटीच्या भाषेत हेच ०.००२ च्या उतरणीएवढे होते. शिवाय बाटली भरण्यापूर्वीच काही वायू बिअरमध्ये विरघळलेला असतो: बिअर २० अंशांपर्यंत चढून आलेली असेल तर सुमारे ०.८५ घनमान, आणि ११ अंशांच्या तळघरातच आंबत राहिली असेल तर साधारण १.१५.

माझ्या पहिल्या घाण्याला हे लावून पाहू. विरघळलेला वायू १.१५, सहा ग्रॅम साखरेचा १.५, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे एकूण २.६५ घनमान. साध्या बाटलीला हा आकडा झेपतो. पण १.००७ पासून १.००३ पर्यंतच्या उतरणीतून आणखी २ घनमान मिळाले आणि एकूण बेरीज ४.६५ वर गेली. साध्या बाटल्यांत ३ च्या पुढे जाऊ नये. चार घनमानांच्या आसपास जायचे असेल तर शॅम्पेनची जाड बाटलीच हवी. त्या बाटल्या युरोपात बहुधा २९ मिलिमीटरच्या झाकणाच्या असतात, नेहमीचे २६ मिलिमीटरचे झाकण त्यांवर बसत नाही, ही गोष्ट भरण्याच्या दिवशी कळू नये एवढीच इच्छा.

बेरीज नीट पाहिली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. मी साखर मुळीच घातली नसती तरी ती बिअर ३.१५ घनमानांपर्यंत स्वतःच पोहोचली असती. येथील गेझ, म्हणजे वेगवेगळ्या वयांच्या लॅम्बिक मिसळून बाटलीत फसफसवलेली बिअर, करणारे मिश्रणकार नेमके हेच करतात. अस्सल गेझमध्ये तीन वर्षे मुरलेली जुनी लॅम्बिक चवीसाठी असते आणि एक वर्षाची कोवळी लॅम्बिक बाटलीतील फेसासाठी. कोवळ्या बिअरमध्ये उरलेल्या डेक्स्ट्रिन म्हणजेच त्यांची साखर, आणि तिच्यातील जिवंत यीस्ट म्हणजेच त्यांचे विरजण. म्हणून ज्यांच्याकडे दोन वयांचे बुधले आहेत त्यांनी साखरेऐवजी मिश्रणाचा मार्ग धरावा. जुनी बिअर १.००२ वर स्थिर असेल आणि कोवळीची चाचणी १.००८ वरून १.००२ पर्यंत उतरत असेल, तर दोन भाग जुनी आणि एक भाग कोवळी यांच्या मिश्रणात उतरायला ०.००२ उरतात, म्हणजे एक घनमान. निम्मे-निम्मे केले तर ०.००३, म्हणजे दीड घनमान. आधीचा विरघळलेला वायू यात मिळवून मग बाटली निवडावी, बाटली घरात आहे म्हणून प्रमाण ठरवू नये.

हिशेब बरोबर असूनही उसळत असेल तर

क्वचित असे घडते की ग्रॅव्हिटी हलली नाही, बेरीज तीनच्या आत आहे, तरी बिअर झाकण काढताच वर येते. अशा वेळी सांडून उरलेली बिअर पेल्यात ओतून पाहावी. ती पेल्यात अगदीच मंद असेल तर वायू जास्त नव्हता, तो एकदम सुटला. वायूला सुटण्यासाठी धरायला काही तरी मिळाले. फळ घातलेल्या बिअरमध्ये गराचे कण, इतर बिअरमध्ये हॉप्सचा चुरा किंवा कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक हे काम करतात, आणि फ्युजेरियम बुरशी लागलेल्या धान्यातील प्रथिनेही हेच करतात. धान्य बदलणे, बिअर गाळाशिवाय काढणे आणि बाटल्या आठवडाभर थंडीत उभ्या ठेवून मग उघडणे, याखेरीज यावर फारसा इलाज नाही.

मुक्या बाटल्या

दुसरा घाणा मी तीस महिने ठेवला. ग्रॅव्हिटी १.००१, पीएच ३.३, अल्कोहोल सुमारे ६.४ टक्के, आणि चव अशी की भरण्याच्या दिवशीच निम्मा संपेल अशी भीती वाटली. लिटरला ९ ग्रॅम साखर घातली, ०.८५ आणि २.२५ मिळून ३.१ घनमान होणार होते. तीन महिन्यांनी उघडलेली बाटली एखाद्या सरबतासारखी होती.

साखर होती, पण खाणारे नव्हते. सॅकरोमायसेस दोन वर्षांपूर्वीच मेले होते. उरलेले ब्रेट उपाशी, आम्लात बसलेले आणि संख्येने कमी होते, आणि स्वच्छ बिअर हवी म्हणून मी साका कटाक्षाने मागे ठेवला होता. अशा बाटल्यांना कधी कधी आठ-नऊ महिन्यांनी जाग येते, म्हणून त्या लगेच फेकू नयेत. मात्र त्यांत आणखी साखर घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ज्या दिवशी यीस्ट जागे होईल त्या दिवशी दोन्ही वेळची साखर एकत्र आंबेल आणि आपण पुन्हा लोणच्याच्या बरणीपाशी येऊन पोहोचू.

पुढील वेळेसाठी उपाय म्हणजे भरताना ताजे यीस्ट घालणे. आम्ल आणि अल्कोहोल सोसणारे शॅम्पेनचे यीस्ट, उदाहरणार्थ ईसी-१११८, लिटरला ०.१५ ग्रॅम पुरते; वीस लिटरना ३ ग्रॅम. रानटी बिअरमध्ये बाजारचे यीस्ट घालणे काहींना बाटवल्यासारखे वाटते. चवीच्या दृष्टीने तशी भीती नाही, कारण अडीच वर्षांत जी चव घडली ती घडून गेली आहे आणि हे यीस्ट डेक्स्ट्रिनला हात लावत नाही. ते फक्त तुम्ही घातलेली साखर खाते. पण कोरडी भुकटी थेट ३.३ पीएचच्या बिअरमध्ये टाकली तर त्यातील बरेच यीस्ट तेथेच मरते. ३ ग्रॅम यीस्ट ३० मिलिलिटर कोमट पाण्यात, म्हणजे ३५ ते ४० अंशांच्या, वीस मिनिटे भिजवावे. मग त्यात चमचाभर बिअर घालावी, दहा मिनिटांनी दोन चमचे, पुन्हा दहा मिनिटांनी अर्धी वाटी, असे करीत त्याला आम्लाची आणि थंडीची सवय लावावी आणि मग ते साखरेच्या पाकासह सगळ्या बिअरमध्ये हलकेच मिसळावे.

आधीच भरलेल्या मुक्या बाटल्यांसाठी हेच सवय लावलेले यीस्ट ड्रॉपरने प्रत्येक बाटलीत मिलिलिटरभर घालून लगेच नवे झाकण लावावे आणि बाटल्या २० अंशांच्या जागी ठेवाव्यात. झाकण उघडे असण्याचा वेळ सेकंदांत मोजावा, कारण आत गेलेल्या प्राणवायूमुळे नंतर उंदराच्या पिंजऱ्यासारखा जो वास जिभेच्या मागे येतो, तो जायला काही महिने लागतात. माझ्या बाटल्या पाचव्या आठवड्यात व्यवस्थित फसफसू लागल्या.

बाटलीत तार सुटली तर

याच काळात काही बाटल्यांतील बिअर तेलकट दिसते आणि ओतताना एकतारी पाकासारखी लोंबते. बाटलीतील नव्या साखरेवर पेडिओकोकस पुन्हा जोर धरतो आणि चिकट द्रव्य सोडतो. येथील लोक अशा बिअरला आजारी म्हणतात, नासलेली नव्हे. ब्रेट जिवंत असेल तर ते हे चिकट द्रव्यही मोडून खाते. बाटल्या आडव्या ठेवाव्यात आणि महिन्याला एक याप्रमाणे उघडून पाहाव्यात. माझ्या मागच्या घाण्यातील तार सातव्या महिन्यात गेली, आणि सहाव्या महिन्यात मी वैतागून ओतून दिलेल्या सहा बाटल्यांचे दुःख अजून आहे.